मागची डावी जागा

या, असे जवळ सरकून बसा. एका जुन्या मोटारीला सुटलेल्या दुर्गंधीची गोष्ट सांगायची आहे. ऐकताना नाक धरावंसं वाटलं तर खुशाल धरा, पण कान तेवढे उघडे असू द्या.

सुनेने मागचं डावं दार हिसका मारून उघडलं, एका हाताने नाक दाबलं आणि दुसरा हात आत घालून बैठकीच्या गादीवर टेकवला. हात टेकला नाही, रुतला. बोटांच्या फटींतून गार, पिवळट पाणी वर आलं आणि पाण्याबरोबर तो वास. ओलं फडकं पातेल्यात कोंबून वर झाकण घालावं आणि विसरून जावं, तसा. आंबूस, कुबट, आणि त्याच्या तळाशी आणखी काहीतरी, जे तोंडाने म्हणायचं नसतं. तिने हात बाहेर ओढला आणि तो आपला नव्हेच अशा तऱ्हेने अंगापासून लांब धरून ती उभी राहिली.

"शी! शी, शी, शी!"

नवरा बादली घेऊन आला.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? तुमच्या आईंची जागा. पुन्हा भिजलीय."

त्याने बादली खाली ठेवली. आईच्या वयाचा विषय निघाला की त्याच्या हातांना कुठलं तरी काम आठवायचं. आताही तो गाडीच्या पुढे गेला, बॉनेट उघडलं, आत जरा वेळ बघितलं आणि पुन्हा लावून टाकलं.

"वर एक फडकं टाक आणि चल," तो तिथूनच म्हणाला. "जेवून निघायचंय. मावशीकडून सकाळपासून दुसऱ्यांदा फोन येऊन गेला."

मावशी म्हणजे त्याच्या आईची धाकटी बहीण. शेजारच्या गावात लेकीकडे अंथरुणाला खिळलेली. आता तिने अन्नही टाकलं होतं. दार वाजलं की मान वळवायची आणि विचारायची, "ताई आली का?" लेकीने फोनवर सांगितलं होतं, की या वेळी तुमच्या आईला घेऊनच या, पुढचं काही खरं नाही. आणि ताईने, म्हणजे सासूबाईंनी, निरोप शांतपणे ऐकून घेतला होता आणि नेहमीचंच उत्तर दिलं होतं: गुडघे साथ देत नाहीत, तुम्ही दोघं जाऊन या.

फडकं टाकून भागणार नव्हतं. सुनेने तोंडाला रुमाल बांधला, खाली बसली आणि पायाखालचा गालिचा उचकटला. त्याच्याखालचा स्पंज पाणी पिऊन टरारून फुगला होता. दाबला की काळा फेस सोडायचा. कडेने बुरशीची पांढरी लव उगवली होती, इतकी दाट की तिच्यावरून हात फिरवावा असं वाटावं, आणि तसं वाटलं म्हणूनच शिसारी यावी. एक केसांची पिन गंजून पत्र्याला चिकटली होती. तिच्या शेजारून बिनकवचाची एक गोगलगाय, भाडं भरून राहिल्यासारखी, चकचकीत रेघ ओढत निवांत चालली होती. भिंतीकडे जाऊन सून थुंकली, रुमाल पुन्हा घट्ट बांधला आणि परत येऊन वाकली.

मग तिचा हात मध्येच थांबला.

"अहो."

"आता काय?"

"आई शेवटच्या कधी बसल्या हो या गाडीत?"

त्याने आठवून पाहिलं. "मावशीकडे गेलो होतो तेव्हा. पाऊस नुकता लागला होता."

"आणि आता सरत आला."

"हो. मग?"

"मग हे ओलं कोणी केलं?"

आता थोडं मागचं ऐका. ही गाडी त्याने दोघांनी वापरून झाल्यावर घेतली होती, आणि घेतली तीसुद्धा केवळ छताला सरकती काच होती म्हणून. आभाळ बघत जाऊ, असं त्याने बायकोला सांगितलं होतं. काच एकदाच सरकवली, दोघांच्या डोळ्यांत धूळ गेली, त्यानंतर कुणी तिला हात लावला नाही. खरा उपयोग झाला तो सासूबाईंना. दर पंधरवड्याला त्या गाडीतून बहिणीकडे जायच्या. बसायच्या त्या ठरलेल्या जागी, मागे, डावीकडे. "पुढे बसलं की याचं गाडी चालवणं दिसतं," म्हणायच्या, "आणि मग देवाचं नाव मोठ्याने घ्यावं लागतं."

पावसाच्या सुरुवातीला एकदा परतताना त्यांचा डोळा लागला. घरी आल्यावर त्या कुणाशी न बोलता लगबगीने आत गेल्या, आणि न्हाणीघरातून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. सून पिशवी काढायला मागे वाकली, तर गादी ओली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आरशाकडे. स्वयंपाकघरात गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "आईंचं आता वय झालं हो." पुढच्या पंधरवड्याला सासूबाई आणखी एकदा जाऊन आल्या, आणि मग त्यांचे गुडघे दुखायला लागले.

"बरं आई, आराम करा तुम्ही," सून म्हणाली होती. जरा जास्तच पटकन म्हणाली होती.

कुणी कुणाला एका शब्दाने बोललं नाही. पण घर काय नुसत्या शब्दांवर चालतं? सासूबाईंची चादर बदलताना सून ती नाकाशी नेऊन बघायची. दर वेळी साबणाचाच वास यायचा, आणि दर वेळी तिच्या मनात यायचं, किती शिताफीने लपवतात! सासूबाई सोफ्यावरून उठल्या की उशी सारखी करायच्या निमित्ताने हिचा तळवा त्या जागेवरून फिरून यायचा. जागा कोरडी असायची. तळव्याला ते कळायचं, पण तळव्याचं कोण ऐकतो? मनाने एकदा निकाल देऊन टाकला की ते साक्षीदार बोलावत नाही.

गाडीशी उभी राहून सून ओल्या हाताकडे बघत राहिली. किळस तीच होती, मघासारखीच ताजी होती. फक्त आता त्या किळसेला टेकायला जागा सापडत नव्हती.

"पाणी कुठून येतंय ते शोधा," ती म्हणाली. "आत्ता."

"अगं, मावशी तिकडे..."

"मावशींसाठीच म्हणतेय. आत्ता."

गाडी चालवण्याबद्दल आईचं मत काहीही असो, गाडीचं दुखणं त्याला कळायचं. पाण्याचा माग काढायची रीत त्याला ठाऊक होती. एकाने आत बसायचं, दारं-काचा बंद करून; दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, तेही खालून वर, एकेक भाग पुरता भिजवत. वरून सुरुवात केली की सगळीकडून वाहतं आणि चोर गर्दीत मिसळतो. त्याने आरशासमोरचा पावडरचा डबा आणला आणि आतल्या दाराच्या पॅडवर, खिडकीच्या कडेला, मागच्या खांबाच्या अस्तरावर पावडर फासली. कोरड्या पावडरीत पाणी शिरलं की त्याची वाट उमटते.

"मी बसतो आत," तो म्हणाला.

"नको. मला बसू द्या."

ती मागे उजवीकडे, कोरड्या बाजूला बसली. दार लागलं, काचा चढल्या, आणि वास चारही बाजूंनी अंगावर आला. रुमालाला त्याने जुमानलं नाही. तो जिभेवर बसला, केसांत शिरला, डोळ्यांना झोंबला. पावडरचा गोड वास त्यात मिसळला आणि ते मिश्रण आधीपेक्षाही ओंगळ झालं. बाहेर पाण्याचा सपकारा सुरू झाला.

"आलं का?" काचेपलीकडून नवरा ओरडला.

"नाही!"

"काय?"

"नाही म्हटलं! बहिरे आहात का?"

"हां हां, दार मारतोय आता!"

दार कोरडं निघालं. खिडकीची काच कोरडी. मागच्या काचेचं रबर कुठेकुठे चिरलेलं होतं, तिथे तिला आशा वाटली. पण पावडर जशीच्या तशी. आशा वाटली, हे तिच्या लक्षात आलं. आपण पाणी यावं म्हणून वाट बघतोय. आणि न आलं तर? न आलं तर आपण काय म्हणणार आहोत?

मग पाइप छतावर गेला. काचेभोवती पावसाचं पाणी वाहून न्यायला पन्हळीसारखा खळगा होता, तो भरल्याची गुळगुळ तिला डोक्यावर ऐकू आली. तरी काही नाही. तिने रुमाल खाली ओढला आणि टॉर्च मागच्या डाव्या खांबावर धरली. जिथे छताचं अस्तर खांबाला मिळतं, तिथे पावडर जरा करडी झाली. करडी, मग काळपट. मग एक थेंब फुगला, थरथरला, आणि पांढऱ्यातून एक काळी रेघ सरळ खाली उतरली. पाठीवरून, शिवणीवरून, थेट त्या गादीत. तिथे गेल्यावर आवाजही नाही. इतके दिवस असंच, आवाज न करता.

सुनेने काचेवर थाप मारली. एकदा मारली, मग मारतच राहिली.

नवऱ्याने अस्तराची कडा सोडवली. खळग्यातलं पाणी खांबातून खाली रस्त्यावर नेणारी नळी आपल्या तोंडावरून निसटून लोंबत होती. तिच्या टोकाला चिखल आणि कुजकी पानं यांचा काळा गोळा बसला होता. त्याने तो नखाने उकरला तेव्हा त्यालाही तोंड फिरवावं लागलं.

"एवढीशी नळी," तो म्हणाला. "फाटकाशी गाडी डावीकडे कलून उभी असते ना, म्हणून सगळं पाणी याच कोपऱ्यात. साफ करून दाबून बसवली, वर क्लिप लावली की झालं."

"थांबा. बसवू नका."

"का?"

"आधी आईंना दाखवायचं."

तो नळी हातात धरून उभा राहिला. "काय दाखवायचं? आपण तिला कधी काही बोललोय का? कशाला उगाच खपली काढतेस?"

"न बोलता जे केलं, ते काय कमी होतं?" ती म्हणाली, आणि हात न धुता तशीच घरात गेली.

सासूबाई खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सुनेला पाहून त्यांनी नाक मुरडलं. "कुठल्या गटारात उतरली होतीस?"

"आई, जरा बाहेर या. टॉर्च धरायला माणूस हवंय."

"तुझा नवरा काय झोपलाय?"

"त्यांच्या हातात पाइप आहे."

"माझे गुडघे माहीत आहेत ना तुला?"

"त्यांनाही घेऊन या."

सासूबाईंना हसू आलं, पण गाडीपाशी पोचेपर्यंत ते पुसलं गेलं. उघड्या दाराशी त्या थबकल्या. हात आपोआप शालीकडे गेला आणि त्यांनी ती पाठीमागे ओढून घेतली.

"मी उभ्यानेच धरते."

"उभ्याने दिसणार नाही, आई. तुम्ही पलीकडून बसा, ती बाजू कोरडी आहे." आणि सून स्वतः मागच्या डाव्या जागेवर जाऊन बसली. गादीतून फसकन पाणी सुटलं. थंडगार चिकट ओल कपड्यांतून अंगाला भिडली आणि तिच्या पाठीच्या मणक्यातून शहारा वर चढला. तिने दात आवळले. उठली नाही.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग पलीकडून येऊन अवघडून, अगदी कडेला बसल्या.

"ओता हो!" सून ओरडली.

रेघ पुन्हा उतरली. या खेपेला पाणी जास्त होतं. ते खांबावरून सुटलं, सुनेच्या खांद्यावर पडलं आणि तिच्या बाजूने गादीत मुरलं. टॉर्च एका हातात धरून सासूबाईंनी दुसरा हात पुढे केला, गादी चाचपली, बोटं नाकाशी नेली. पुष्कळ वेळ त्या बोटं हुंगत राहिल्या.

"हे केव्हापासून?"

"नळी निसटलीय, आई. पाऊस लागला तेव्हापासूनच असणार. तुम्ही बसायचात, बरोबर तिथेच गळतं."

सासूबाईंच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. त्या मागे टेकल्या, डोळे मिटले, आणि त्यांच्या ओठांनी देवाचं नाव घेतल्यासारखं वाटलं. सुनेलाही जरा हलकं वाटलं. मग सासूबाईंनी डोळे उघडले, सुनेच्या भिजलेल्या कपड्यांकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि टॉर्च बंद केली.

"म्हणजे तुम्हालाही तसंच वाटलं होतं."

सुनेने तोंड उघडलं.

"आलं का पाणी?" बाहेरून आवाज आला. "अगं, आलं का?"

सुनेने काचेवर एकदा थाप मारली.

"मला वाटत होतं, माझं मलाच ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "कुणाला कळू दिलं नाही, याचंच समाधान होतं बघ. तेवढीच लाज राखली, म्हणायची मी."

"चुकलं, आई. मी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी मेले तरी कबूल केलं नसतं." त्या पाण्याच्या रेघेकडे बघत होत्या. "माझं अंग माझं, आणि माझाच त्याच्यावर विश्वास नव्हता. तर तुझा कुठून असणार? पण चादरीचा वास घेतेस, ते नको घेऊस आता. दाराच्या फटीतून दिसतं."

सुनेने मान खाली घातली. अंगाला लागलेल्या पाण्याची आता तिला किळस वाटत नव्हती. ती सगळी दुसरीकडे गोळा झाली होती आणि तिथून ती फडक्याने पुसता येणार नव्हती.

"ऊठ," सासूबाई म्हणाल्या. "किती वेळ त्या घाणीत बसणार आहेस? कपडे बदल. आणि त्याला म्हणावं, नळी लवकर लाव. चिमीकडे जायचंय."

साऱ्या जगाची मावशी झाली तरी सासूबाईंसाठी ती चिमीच होती.

नळी साफ झाली, तोंडावर बसली, क्लिप लागली. तिघांनी पुन्हा पाणी ओतून पाहिलं. ते खांबातून गुपचूप उतरून चाकाशेजारी जमिनीवर पडलं. भिजलेली गादी उचकटून भिंतीला उभी केली, स्पंज कापून फेकला. जेवायला कुणी बसलं नाही. पण वास काही नळीसारखा नसतो, दाबला आणि बसला, असा. साऱ्या वाटभर काचा उघड्या होत्या, तरी तो गाडीत होताच. सासूबाई पुढे बसल्या होत्या आणि मुलाच्या चालवण्याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही.

मावशीच्या खोलीत औषधं होती, ओला टॉवेल होता आणि खूप दिवस पडून राहिलेल्या शरीराचा जो असतो तो वास होता. दाराशी पोचताच सुनेला तो कळला. खाटेवरची बाई इतकी लहान झाली होती की पांघरुणाला उंचवटाच नव्हता. दार वाजलं, मान वळली.

"ताई आली का?"

"आले गं."

मावशीचे डोळे मोठे झाले. सासूबाई थेट खाटेकडे निघाल्या, तशी मावशीने दोन्ही हातांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"इकडे नको, ताई. खिडकीशी बस. तिथे वारा आहे."

"वारा कशाला हवाय मला?"

"सकाळीच अंग पुसून घेतलं. चादरसुद्धा बदलायला लावली." मावशी दम घेत घेत बोलत होती. "तरी येतो. मला कळतं ना. मागच्या खेपेला तू दाराशीच खुर्ची ओढून बसलीस. या घरचं पाणीही तोंडाला लावलं नाहीस. मग आलीच नाहीस." ती थोडं हसली. "मी लेकीला म्हटलं, रागावू नको गं तिच्यावर. ताईचं नाक लहानपणापासून तिखट. तिला घाण सोसत नाही."

सून दारातच उभी होती. दाराशी खुर्ची का होती आणि पाणी का नको होतं, ते तिला कळलं: सासूबाईंना स्वतःच्याच अंगाची धास्ती होती. तिने सासूबाईंकडे पाहिलं. वाटलं, आता त्या सांगतील. गाडीचं, नळीचं, पावडरीतल्या रेघेचं.

सासूबाईंनी काहीच सांगितलं नाही. त्यांनी पायातलं काढलं, गुडघा खाटेच्या कडेवर टेकवला, आणि हळूहळू, अंग सांभाळत, धाकट्या बहिणीच्या शेजारी तिच्या पांघरुणात शिरल्या. तिची मान आपल्याकडे वळवून घेतली आणि तिच्या गळ्यात नाक खुपसून त्या तशाच पडून राहिल्या.

"ताई, अगं वास..."

"गप गं," सासूबाई तिथूनच म्हणाल्या.

सुनेने बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

एवढीच गोष्ट. सुनेला दोष देत घरी जाऊ नका. आपल्या घरातली नाकंही काही कमी तिखट नसतात. सासूबाईंना न्यायला मुलगा आहे, नळीही आता पक्की बसली आहे. पण कधी हात जोडाल, तेव्हा त्या धाकटीला आठवा. सारा पावसाळा ती दाराकडे तोंड करून पडली होती, आणि बहीण येत नाही त्याचं कारण ती आपल्याच अंगात शोधत होती.